कुमक म्हणजे मदत नव्हे, आणि रसद तर नव्हेच

प्रश्न आलाय तो आधी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात सीमेवर चकमकी झडल्या, तेव्हाच्या एका बातमीत "करारानुसार सौदी अरेबियाला आता पाकिस्तानला कुमक द्यावी लागणार" असं वाक्य होतं, त्याच बातमीत खाली "रसद" आलं, आणि शेवटी "मदत". विचारणाऱ्यांना दोन गोष्टी हव्यात, हे तिन्ही शब्द एकच का, आणि कुमक मूळचा कुठला.

एकच नाहीत. मदत सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. रसद म्हणजे दाणागोटा, चारा, दारूगोळा, हल्लीच्या काळात डिझेल आणि सुटे भाग, थोडक्यात जे गाडीत किंवा बैलावर लादून पाठवता येतं ते. आणि कुमक म्हणजे माणसं. लढायला आलेली माणसं, जी तुमच्या बाजूला येऊन उभी राहतात. हा फरक मराठीत इतका स्वच्छ आहे की तो पुसला जाताना बघवत नाही. रोज कानावर येतं, "युक्रेनला ड्रोनची कुमक", "पूरग्रस्तांना औषधांची कुमक", एकदा तर बिस्किटांची कुमक ऐकली. अहो, ड्रोन पाठवले तर ती रसद झाली किंवा शस्त्रपुरवठा झाला, कुमक तेव्हा होईल जेव्हा पोलंडचा किंवा फ्रान्सचा सैनिक खंदकात उतरेल, आणि त्या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे हे युरोपातल्या कुठल्याही पंतप्रधानाला विचारा! गंमत म्हणजे आपले पोलीस हा शब्द अचूक वापरतात, "जादा कुमक मागवली" म्हणतात तेव्हा त्यांना गाडीभर शिपाई हवे असतात.

फरक पटत नसेल तर पानिपत घ्या, मराठी माणसाला याहून जवळचं उदाहरण नाही. भाऊसाहेबांच्या फौजेची रसद गोविंदपंत बुंदेल्यांकडे होती, अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबातून, धान्य आणि पैसा पाठवायचं काम त्यांचं. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत मारले गेले आणि रसद तुटली, छावणीत उपासमार सुरू झाली. कुमक ही वेगळी गोष्ट, ती दक्षिणेतून यायची होती, नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघालेही होते, पण १४ जानेवारी १७६१ पर्यंत ती पानिपतला पोचली नाही. रसद तुटली आणि कुमक पोचली नाही, या दोन वेगळ्या शोकांतिका आहेत. दोन्हीला "मदत मिळाली नाही" म्हटलं की इतिहासच सपाट होतो. आणि मराठे तिथे होते कशाला, तर १७५२ साली वजीर सफदरजंगामार्फत ठरलेल्या करारात बादशहाचं आतल्या आणि बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करायची जबाबदारी त्यांनी घेतली होती, बदल्यात ५० लाख रुपये कबूल झाले होते. म्हणजे पुण्याची फौज हीच दिल्लीची कुमक होती. मित्राच्या जबाबदाऱ्या काय असतात आणि त्या कुठवर नेतात हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

आता मुळाकडे, कारण खरी मजा तिथे आहे. बहुतेक जण कुमकेपुढे "फारसी" असं लिहून मोकळे होतात. मला हे अजिबात मान्य नाही. शब्द आपल्याकडे फारसीतून आला हे बरोबर, पण फारसीत तो पाहुणा आहे. मूळ तुर्की कुळातलं. तुर्की म्हणजे फक्त तुर्कस्तानची भाषा नव्हे, अझरबैजानपासून किर्गिझस्तानपर्यंत पसरलेलं अख्खं भाषाकुळ. अझरबैजानीत कोमेक, तुर्कमेनीत कोमेक, कझाखमध्ये कोमेक, किर्गिझमध्ये कोमोक, उझबेकमध्ये कोमाक, सगळीकडे अर्थ मदत. (पहिला स्वर ओ आणि ए यांच्या मधला आहे, देवनागरीत तो नीट उतरत नाही.) इतक्या दूरदूरच्या बोलींत हा शब्द घरचा म्हणून नांदतोय, आणि फारसीत मात्र एकटा, म्हणजे कुणी कुणाकडून घेतला हे उघड आहे. खुद्द तुर्कस्तानात आज रोजच्या वापरात "यार्दिम" आहे.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या अफगाण सीमेबद्दल बातमी होती त्या अफगाणिस्तानातल्या दारीत, म्हणजे तिथल्या फारसीत, "कुमक" हा आजही रोजचा शब्द आहे. कुणी विहिरीत पडला तरी तो कुमक म्हणूनच ओरडणार. म्हणजे तोरखमला किंवा स्पिन बोल्दकला सीमेवर उभ्या असलेल्या दारी बोलणाऱ्या माणसाला कुमक म्हणजे कुठलीही मदत, आणि तोच शब्द मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ आवळला गेला, फक्त सैन्याचा झाला. का झाला?

माझं म्हणणं असं, आणि यावर मी बऱ्याच जणांशी भांडलोय, की कुमक आपल्याकडे दफ्तरातून आली नाही, छावणीतून आली. बहमनी आणि नंतरच्या शाह्यांच्या दख्खनी फौजांत तुर्की मुलखातून आलेले सैनिक होते, सरदार होते, आणि त्यांच्याबरोबर मराठी शिलेदार शेजारी शेजारी तळ देऊन राहत होते. तिथे ऐकलेला शब्द त्या प्रसंगाच्याच अर्थाने उचलला जाणार ना, शेजारच्या तुकडीकडे कुणी "कुमक" मागितली आणि घोडेस्वार आले, म्हणजे कुमक म्हणजे घोडेस्वार. कारकुनाकडून शब्द आला असता तर तो मदत या मोघम अर्थानेच आला असता. नुसत्या एका शब्दावर मी हे म्हणत नाही. तोफ बघा, तुर्की. उर्दू बघा, मूळ अर्थ छावणी, तुर्की. आणि माझा सगळ्यात लाडका, चकमक! गारगोटीवर पोलाद मारून ठिणगी पाडायची ती चकमक, तुर्कीत "चाक्माक" म्हणजे आघात करून ठिणगी पाडणं, आजही इस्तंबूलमध्ये सिगारेटच्या लायटरला चाक्माकच म्हणतात. आपल्याकडे चकमकीची बंदूक होती, चाप ओढला की गार पोलादावर आपटायची आणि ठिणगी दारूत पडायची. आणि मराठी क्रियापद बघा कुठलं लागतं, चकमक "झडते". होत नाही, झडते. ठिणग्या झडतात तशी. छोट्या लढाईला चकमक म्हणणारा माणूस ती गारगोटी रोज हातात धरणारा होता असं माझं ठाम मत आहे. चकमक झडली आणि कुमक आली, हे वाक्य आपण अस्सल मराठी म्हणून बोलतो, त्यातली दोन्ही नामं तुर्की छावणीतली आहेत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, जुन्या लिखाणात आणि कोशांत कुमक म्हणजे नुसती मदत असाही अर्थ सापडतो. सापडतो, नाकारत नाही. पण कोशात शेवटी कोपऱ्यात टिकून राहिलेला अर्थ आणि लोकांनी घासून घासून नेमका केलेला अर्थ यांत निवड करायची तर मी लोकांच्या बाजूला. मदतीला मराठीत मदत, साहाय्य, हातभार, आधार असे ढीगभर शब्द आहेत, लढायला आलेल्या जादा फौजेला एकच आहे. तो एकही पातळ करायचा? दुसरा आक्षेप, मूळ तुर्की अर्थच मदत आहे, मग तू कशाच्या जोरावर अडवतोस. ज्यांना व्युत्पत्ती म्हणजे अर्थाचा सातबारा वाटतो ते असं बोलतात. शब्द कुठून आला हे सांगणं वेगळं, आज तो काय काम करतो हे वेगळं. कुमक संस्कृत ठरवायचा खटाटोपही पाहिलाय, त्यावर काही लिहीत नाही.

उलट या नेमक्या अर्थाला दक्षिणेतून पुरावा मिळतो. रानटी हत्ती पकडायला किंवा हुसकायला जो शिकवलेला हत्ती नेतात तो "कुमकी" हत्ती, कर्नाटक-तमिळनाडूत सर्रास शब्द, आपल्या सिंधुदुर्गातही हत्तींचा त्रास वाढला तेव्हा असे हत्ती कर्नाटकातून आणले होते. कुमकी हत्ती चारा पाठवत नाही, स्वतः येतो आणि रानटी हत्तीच्या अंगाला अंग लावून उभा राहतो. दक्षिण कन्नडमध्ये "कुमकी" जमीन असते, शेताला लागून असलेली सरकारी पट्टी, जिथला पाला, गवत शेतकऱ्याने घ्यायचं. ती पण शेजारी लागून उभी! शब्दाचा गाभा हाच आहे, बाजूला येऊन उभं राहणं.

आता करारांचं बोलू, कारण चूक तिथेच घातक होते. आर्मेनिया आणि अझरबैजान घ्या. आर्मेनिया रशियाच्या पुढाकाराने झालेल्या सामूहिक सुरक्षा संघटनेत, तिच्या मूळ करारावर ताश्कंदमध्ये १५ मे १९९२ ला सह्या झाल्या. कलम ४ सांगतं, एकावर आक्रमण ते सगळ्यांवर आक्रमण, आणि मागणी आली तर आवश्यक ती मदत, लष्करी मदत धरून. २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात रशियाने सांगितलं की लढाई काराबाखमध्ये, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतल्या आर्मेनियन वस्तीच्या भागात आहे, आर्मेनियाच्या हद्दीत नाही, सबब कलम लागू नाही. ठीक. पण १३ सप्टेंबर २०२२ ला अझरबैजानच्या तोफांचे गोळे थेट आर्मेनियाच्या हद्दीत, जेरमुक, गोरिस, सोत्क इथे पडले, आर्मेनियाने कलम ४ खाली रीतसर मागणी केली, आणि संघटनेने पाठवलं काय, तर सरचिटणीसांच्या नेतृत्वाखाली पाहणी करणारं मंडळ. दोनशेहून जास्त आर्मेनियन सैनिक मेले आणि आलं मंडळ! त्याच वर्षी जानेवारीत कझाखस्तानात दंगे पेटले होते तेव्हा याच संघटनेची सुमारे अडीच हजारांची फौज एक-दोन दिवसांत विमानाने उतरली होती, त्यात आर्मेनियाचे सैनिक होते, आणि ती पाठवत असल्याची घोषणा संघटनेचे अध्यक्ष या नात्याने आर्मेनियाच्याच पंतप्रधान पाशिन्यान यांनी केली होती. ती कुमक होती, खरीखुरी, आणि दोन आठवड्यांत परतही गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाशिन्यान यांनी संघटनेतला सहभाग गोठवल्याचं सांगितलं, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

यात अजून एक शब्द लपलाय, तैनाती. रशियाचा लष्करी तळ आर्मेनियात ग्युमरीला आधीपासून होता आणि आहे, २०२२ ला तिथले रशियन सैनिक जागचे हलले नाहीत. म्हणजे आर्मेनियाकडे तैनाती फौज होती, कुमक नव्हती. कुमक येते आणि काम झालं की जाते, तैनाती फौज राहते. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचं सहा हजारांचं कायमचं पायदळ आणि वर त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख असा सौदा केला तेव्हा त्यालाही होळकरांविरुद्ध कुमकच हवी होती. मिळाली तैनाती. पुढे काय झालं ते शाळेत शिकलोय सगळे.

नाटोचंही तेच वाचतो आपण, "एकावर हल्ला झाला की सगळे युद्धात उतरणार". कलम ५ नीट वाचलं तर प्रत्येक देश "त्याला आवश्यक वाटेल ती कृती" करणार, त्यात सशस्त्र बळाचा वापर येऊ शकतो. येऊ शकतो, येईलच असं नाही. ४ एप्रिल १९४९ पासून हे कलम एकदाच लागू झालंय, अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. म्हणजे करारात लिहितात मदत, बातमीत छापतात कुमक, आणि वाचणाऱ्याला वाटतं उद्या फौजा निघाल्या.

हां, सौदीचं राहिलं. १७ सप्टेंबर २०२५ ला रियाधमध्ये पाकिस्तान आणि सौदीने संरक्षण करार केला, संयुक्त निवेदनात वाक्य असं की दोघांपैकी एकावरचं आक्रमण हे दोघांवरचं आक्रमण मानलं जाईल. मानलं जाईल, बस. त्यात कुमक कुठेही नाही. महिन्याभरातच अफगाण सीमेवर गोळीबार झाला तेव्हा सौदीने दोन्ही बाजूंना संयम ठेवा असं आवाहन केलं, आणि १९ ऑक्टोबरचा युद्धविराम दोहामध्ये कतार आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीने झाला. तेव्हा बातमीतलं ते वाक्य "सौदीला पाकिस्तानच्या बाजूने उभं राहावं लागेल का" इतपतच लिहायला हवं होतं.

आणि जाता जाता, कुमक स्त्रीलिंगी आहे आणि तिचं सामान्यरूप कुमके होतं. कुमकेला धावले, कुमकेची वाट पाहिली. "कुमकाला", "कुमकचा" हे ऐकलं की फार त्रास होतो. अनेकवचनाच्या भानगडीतही पडू नका, दहा तुकड्या आल्या तरी कुमक एकच.