फ्लेमेंको शिकायचंय? आधी टाळ्या शीक
अगं, शूज नंतर घे, आधी टाळ्या शीक. सोलेआ हा फ्लेमेंकोचा एक प्रकार, 12 मात्रांचा, जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर, हे हाताने वाजवता येत नसेल तर पायाचा नुसता आवाज होतो. आणि वयाची काळजी करूच नकोस, स्पेनची फ्लेमेंको नर्तकी क्रिस्तिना ओयोस बघ, 1946 चा सेव्हिलचा जन्म, आंतोनियो गादेस या मोठ्या नर्तकाबरोबर कितीतरी वर्षं नाचली, मग स्वतःचा ग्रुप काढला, कॅन्सरनंतरही स्टेजवर उभी राहिली, सेव्हिलमध्ये फ्लेमेंकोचं म्युझियम काढलं, केवढी बाई! तिचे हात बघ, खरंच, मी अजून बघते. गुडघे थोडे वाकलेलेच ठेव, नाहीतर कंबर धरते. आणि रोज गाणं ऐक, गायक ओळ कुठे संपवतो ते पकड, तुझं पायाचं काम त्यानंतरच सुरू करायचं.