पीएचसीतलं टीमवर्क : सापाच्या केसमध्ये फरक कुठं पडतो

डॉक्टर, तुम्ही विचारलंय की पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) माणसंच अपुरी, मग टीमवर्कचा खरंच उपयोग होतो की ते ट्रेनिंगपुरतंच? मी यवतमाळकडे खेड्यातच स्टाफ नर्स होते. पावसाळ्यात सापाची केस येऊ द्या, समजेल.

मण्यार बहुतेक रात्री, खाली झोपलेल्याला चावतो. दुखत नाही, दाताची खूण धड दिसत नाही. पहाटे माणूस पोट धरून उठतो, घरचे गॅसची गोळी देतात. आशाताईनं 'खाली झोपला होता का? पापण्या जड होतात का?' एवढं विचारून फोन केला, तर पेशंट गाडीत असतानाच इकडे तयारी होते. पण त्यासाठी मागच्या वेळी अवेळी फोन केला म्हणून तिच्यावर कोणी खेकसलेलं नसावं!

घोणसच्या विषानं रक्त गोठत नाही; म्हणून तिचा संशय असेल तर दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतो, गोठतं का बघायला. नळी साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही, अन् गरज नसताना एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) चढतं. नळ्या धुतो परिचर. त्याला हे कोणी सांगितलंय का? मीटिंगमध्ये तो फक्त चहा घेऊन येतो.

एएसव्ही सुरू झालं की रिॲक्शन कधीही येऊ शकते. ती आवरायला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन भरून तयार हवं अन् एका सिस्टरनं खाटेजवळून हलायचं नाही. ती कोण हे आधीच ठरलं असेल, तर तुम्ही रेफरच्या फोनला मोकळे. चिठ्ठीवर चावल्याची वेळ, एएसव्हीच्या किती व्हायल (बाटल्या), किती वाजता, हे लिहाच. नाहीतर पुढच्या दवाखान्यात सगळं पहिल्यापासून.

'डॉक्टर सोडून बाकी मदतनीस' हे तुमचं म्हणणं मात्र पटलं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय अन् राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात, ही सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत ३९ गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज आशाताई बाळाला बघायला घरोघरी जातात, ती पद्धत तिथलीच.

सोमवारी ओपीडीआधी सगळ्यांना बसवा, ड्रायव्हरलाही. 'रात्री दोनला सापाची केस आली तर कोण काय करेल?' एवढंच विचारा, अन् आधी परिचराला बोलू द्या.