समुद्रातले डोंगर आणि कराडची बारावी

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी ग्रुप. समुद्राच्या तळाशी असलेले डोंगर आणि तिथले जीव यांचाच अभ्यास करायचा म्हणते. तिला पोहता येत नाही. नातेवाईक मरीन इंजिनिअरिंग सुचवतात. एका खासगी संस्थेचं मरीन बायोलॉजी बीएस्सीचं माहितीपत्रकही आलंय. काय करावं? – एक आई, कराड

उत्तर : ताई, मरीन इंजिनिअरिंग आधी बाजूला ठेवा. तिथे जहाजाचं इंजिन सांभाळायला शिकवतात. तुमच्या मुलीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. पोहण्याचीही काळजी नको. हौशी स्कूबावाले 40 मीटरपर्यंत जातात. तळापासून निदान 1000 मीटर उठलेला असेल तरच त्या डोंगराला सीमाउंट म्हणतात, आणि बहुतेकांचे माथेही पाण्यात शेकडो मीटर खाली असतात. तिथे यंत्रं उतरतात. चेन्नईच्या एनआयओटी या सागरी तंत्रज्ञान संस्थेची ‘मत्स्य 6000’ पाणबुडी माणसं नेण्यासाठीच आहे, पण तिच्या 2.1 मीटर व्यासाच्या टायटॅनियम गोळ्यात जागा तिघांनाच. करिअर त्या तीन जागांवर बेतू नका.

खरं काम कसं असतं ते मुलीला कळू द्या. तळाचा नकाशा मल्टिबीम सोनारने होतो. हे यंत्र जहाजावरून तळाच्या रुंद पट्ट्यावर एकाच वेळी अनेक ध्वनिकिरण सोडतं. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे 3000 मीटर खोल तळापर्यंत जाऊन प्रतिध्वनी परत यायला 4 सेकंद. हा वेग तापमान, क्षार आणि दाबानुसार बदलतो, म्हणून आधी या तिन्ही गोष्टी मोजणारं सीटीडी हे उपकरण पाण्यात सोडून तो काढून घेतात. कालचाच आकडा आज चालवला तर पट्ट्याच्या दोन्ही कडा वर किंवा खाली वळतात आणि सपाट तळावर नसलेला उतार उमटतो.

जिवांचं काम याहून नाजूक. आरओव्ही म्हणजे जहाजावरून चालवलेल्या, माणूस नसलेल्या पाणयंत्राचा यांत्रिक हात प्रवाळाची फांदी तोडून झाकणाच्या पेटीत ठेवतो. खोल तळाशी पाणी 2 ते 4 अंश, तर अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर 28च्या आसपास. पेटी उष्णता रोखणारी नसेल तर वर येईपर्यंत नमुना खराब होतो. डेकवर लगेच फोटो, मग दोन तुकडे : डीएनएसाठी 95 टक्के इथेनॉलमध्ये, शरीररचनेसाठी फॉर्मॅलिनमध्ये. घाईत सगळंच फॉर्मॅलिनमध्ये गेलं की डीएनए जवळजवळ हातचा गेला. इथेनॉलही एका दिवसात बदलावं लागतं, कारण जिवातलं पाणी ते पातळ करतं. लेबल पेन्सिलने लिहायचं. पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि बाटली निनावी होते. प्रॅक्टिकलची जर्नल आदल्या रात्री उतरवून काढायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.

आता माहितीपत्रकाबद्दल. बीएस्सीलाच मरीन बायोलॉजीचा महागडा शिक्का घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डोंगर आवडत असतील तर भूशास्त्र किंवा भौतिकशास्त्र, जीव आवडत असतील तर प्राणिशास्त्र, आणि सोबत संख्याशास्त्र व पायथॉन. साताऱ्या-सांगलीतलं चांगलं कॉलेज पुरेसं आहे. प्रयोगशाळा चालू आहे ना, एवढं जाऊन बघा. समुद्र एमएस्सीला येईल : गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट हे विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, किंवा जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत भूशास्त्र वा भूभौतिकी. पुढे संशोधनासाठी सीएसआयआरची नेट परीक्षा. भूविज्ञानवाल्यांसाठी पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञानाचा वेगळा पेपर आहे, प्राणिशास्त्रवाल्यांनी जीवविज्ञानाचा द्यावा. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. तोवर घरून खर्च करावा लागेल आणि पीएचडीला पाचेक वर्षं धरा. कायम जागा कमी निघतात, हे आत्ताच ऐकून ठेवलेलं बरं.

संस्था म्हणाल तर गोव्यातली दोनापावलाची एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था, वास्कोची एनसीपीओआर ही ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था, खोल समुद्रातल्या जिवांसाठी कोचीची सीएमएलआरई. शेवटच्या दोन्ही पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या. त्याच मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा तुमच्याजवळ हजारमाचीत आहे; कोयनेच्या भूकंपांसाठी 3 किलोमीटर खोल भोक पाडणारे हेच लोक. सह्याद्रीचा कातळ बेसाल्ट आणि बहुतेक सीमाउंटही ज्वालामुखीचे, तेव्हा कॉलेजतर्फे भेटीची परवानगी मागून बघा.

आणि कुंभार्ली घाटात तिला गाडी लागत असेल तर बोटही लागेल. पहिले दोन-तीन दिवस जातात, मग बहुतेकांना सवय होते. नाहीच झाली तर मल्टिबीमचा डेटा साफ करणारी आणि नमुने ओळखणारी माणसं किनाऱ्यावरही लागतात.