वॉर्डातला अनुभव हेच भांडवल

प्रश्न : मी सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात सात वर्षांपासून स्टाफ नर्स आहे. जीएनएम या नर्सिंग पदविकेनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही पदवी पूर्ण केली. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे संगणकावर नोंदी ठेवण्यास सुरुवात झाली आणि तेव्हापासून कोणाचीही नोंद अडली की मलाच बोलावले जाते. हे काम मला मनापासून आवडते. नर्सिंग इन्फर्मॅटिक्स, म्हणजे परिचर्येतील नोंदी आणि संगणक यांची सांगड घालणारे क्षेत्र आहे, असे नुकतेच समजले. नोकरी सोडून त्याचा ऑनलाइन कोर्स करावा का? मला प्रोग्रामिंग मुळीच येत नाही.
— एक परिचारिका, सोलापूर

उत्तर : नोकरी सोडू नका. तुम्हाला ज्या क्षेत्रात जायचे आहे, त्याची पहिली पात्रता वॉर्डात काढलेली ही सात वर्षेच आहेत.

अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९९२ मध्ये नर्सिंग इन्फर्मॅटिक्सला परिचर्येची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. मात्र त्यामागची दृष्टी त्याहून कितीतरी जुनी आहे. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नोंदींच्या आधारे आकृत्या काढून सरकारला पटवून दिले होते. रुग्णाच्या उशाशी केलेली नोंद पुढे निर्णयापर्यंत कशी पोहोचते, हे पाहणे हाच या कामाचा गाभा आहे. त्यात प्रोग्रामिंग करणारे सहकारी वेगळे असतात. औषधांचा तक्ता पडद्यावर कसा दिसावा, कोणती सूचना खरोखर महत्त्वाची आहे आणि कोणत्या सूचनांच्या भडिमाराने परिचारिका सगळ्याच सूचना न वाचता बंद करू लागतात, हे त्यांना सांगण्यासाठी रात्रपाळी केलेले माणूस लागते. चाळीस रकान्यांचा फॉर्म दिला, तर तो पाळी संपताना आठवून आठवून भरला जातो. ही गोष्ट तुम्हाला कोणी शिकवावी लागणार नाही.

सोलापुरात तर या विषयाचा धडा रोज समोर असतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच नोंदणी खिडकीवर येतात. एकच आजी एका खेपेस लक्ष्मीबाई, दुसऱ्या खेपेस लक्ष्मव्वा आणि तिसऱ्या खेपेस मुलाने सांगितलेल्या नावाने नोंदवली जाते. जन्मतारीख अंदाजाने लिहिली जाते आणि रोमन लिपीतील स्पेलिंग तर दरवेळी बदलते. मग पेनिसिलिनची ॲलर्जी जुन्या क्रमांकाखाली राहून जाते आणि नव्या केसपेपरवर तो रकाना कोरा दिसतो. हा दोष निव्वळ टंकलेखनाचा नाही. रुग्णाच्या जिवावर बेतू शकणारा आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा आरोग्य खाते क्रमांक, अशी ओळख पक्की करण्यास उपयोगी पडतो, परंतु तो विचारण्याची, तपासण्याची आणि नसल्यास नाव कोणत्या पद्धतीने लिहायचे याची शिस्त रुग्णालयालाच बसवावी लागते.

म्हणून सुरुवात येथूनच करा. आपल्या वॉर्डात अशा दुहेरी नोंदी किती आहेत, हे वरिष्ठांच्या लेखी परवानगीने महिनाभर मोजा, त्यांची कारणे लिहा, एक सुधारणा सुचवा आणि ती लागू झाल्यावर पुन्हा मोजा. त्याचा चार पानी अहवाल मुलाखतीत तुमच्या वतीने बोलेल. अहवालात रुग्णाचे नाव किंवा पडद्याचे छायाचित्र मात्र येऊ देऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, पण गोपनीयता राखणे हा परिचारिकेचा धर्म त्याच्या आधीपासूनचा आहे.

सोबत एक्सेल पक्के करा, विशेषतः मोठ्या यादीचा गटवार गोषवारा काढणारे पिव्हट टेबल. त्यानंतर माहितीसाठ्याला प्रश्न कसा विचारावा हे कळण्यापुरते एसक्यूएल शिका. भारताने २०१६ मध्ये सुधारित केलेली इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके वाचा आणि स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांचे संकेतांक), लॉइंक (तपासण्यांचे संकेतांक) व एफएचआयआर (एका प्रणालीतून दुसरीत माहिती पाठवण्याची पद्धत) ही नावे कशासाठी आहेत ते समजून घ्या. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातील सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमातही हा विषय समाविष्ट आहे. धाकट्या सहकाऱ्यांची पुस्तके मागून वाचण्यात कमीपणा नाही.

कोर्स नंतर करता येईल. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून मात्र दूर राहा आणि पैसे भरण्यापूर्वी शिकवणाऱ्यांनी रुग्णालयात काम केले आहे का, हे विचारा.

आपल्याकडील बहुतेक रुग्णालयांत या नावाचे पद नसते, त्यामुळे केवळ नावाने शोधल्यास निराशा होईल. क्लिनिकल ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट, इम्प्लिमेंटेशन (रुग्णालयात नवी संगणक प्रणाली बसवण्याचे काम), गुणवत्ता विभाग, नर्स एज्युकेटर अशा नावांनी शोधा. पुणे किंवा हैदराबादला जावे लागेल, याची घरी आधीच कल्पना द्या. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नका. आणि वीज किंवा नेट गेल्यावर नोंदी कागदावर कशा ठेवायच्या व नंतर संगणकावर कशा चढवायच्या, याची लेखी पद्धत तुमच्या रुग्णालयात नसेल, तर ती तयार करण्याची परवानगी याच आठवड्यात मेट्रनकडे मागा.