पाळी थांबली म्हणजे मूल होणार नाही का?

लग्न ठरलेल्या किंवा ठरू घातलेल्या मुली समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बाकी सगळे बोलून झाल्यावर, उठता उठता, एक प्रश्न हमखास विचारतात: पाळी नीट येत नाही, तर मला पुढे मूल होईल ना? याचे सरसकट उत्तर देता येत नाही, कारण पाळी थांबण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि मूल होण्याचा प्रश्न त्या कारणाशी बांधलेला असतो. इंदूरच्या रामबागेतील एका मुलीचा अनुभव त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी 26 वर्षांची, खासगी बँकेत नोकरीला, साखरपुडा झालेला. सहा महिने पाळी आलेली नव्हती. आईने आणलेल्या फायलीत सोनोग्राफीचा अहवाल होता आणि दोन्ही अंडाशयांत अनेक लहान पुटिका (द्रवाने भरलेल्या बारीक पिशव्या) दिसत असल्याच्या ओळीखाली निळ्या पेनाने दोनदा रेघ ओढलेली होती. त्या एका ओळीवरून नात्यातल्या कुणीतरी ‘पीसीओडी आहे, वजन उतरव म्हणजे येईल पाळी’ असा निकाल देऊन टाकला होता (पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा विकार). मग औषधाच्या दुकानातून पाळी आणायच्या गोळ्या आणल्या गेल्या; त्या घेऊनही अंगावरून काही गेले नाही, तेव्हा घरात रडारड झाली. ‘ताई, आतले सगळे संपले का हो?’ असे तिने विचारले. आईला काळजी होती ती व्याह्यांना काय सांगायचे याची.

मी आधी घटनांचा क्रम विचारला. पाळी वयात आल्यापासून अनियमित होती का? नव्हती, महिन्याच्या आसपास येत असे. चेहऱ्यावर राठ केस, न जाणारी मुरुमे? तेही नव्हते. साखरपुड्यानंतर मात्र तिने अकरा किलो वजन उतरवले होते: सकाळी नेहरू पार्कात धावणे, संध्याकाळी जिम, दुपारपर्यंत उपाशी राहणे, आणि रात्रीची पोळी बंद. पाळी त्यातच लांबत जाऊन थांबली. हे सगळे तिने फोनवरच्या नोंदींतून मला दाखवले, कारण रोजची पावले आणि घासांच्या कॅलरी ती न चुकता लिहीत होती. पाळीच्या तारखा तेवढ्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या.

निदान करणे हे माझे काम नाही. हा क्रम एका कागदावर उतरवून तो स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला मी तिला सांगितले. तिथे गर्भ राहिला आहे का याची तपासणी पहिल्यांदा झाली, आणि आईला ते लागले. पाळी थांबलेल्या प्रत्येक बाईची ही तपासणी आधी होते, त्यात चारित्र्यावर संशय नसतो, हे त्यांना पटवायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ गेला. पुढे थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक), एफएसएच व एलएच (मेंदूकडून अंडाशयांना चालना देणारी संप्रेरके) आणि इस्ट्रोजेन (अंडाशयांत तयार होणारे स्त्री-संप्रेरक) तपासले. एफएसएच वाढलेले नव्हते, एलएच आणि इस्ट्रोजेन कमी होते. कमी खाणे, जास्त व्यायाम आणि ताण यांमुळे मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून अंडाशयांना जाणारे संदेश मंदावले आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले.

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की समारंभ पुढे ढकलले जातात, चूल मात्र पेटती ठेवली जाते. शरीरही तसेच वागते. अशा वेळी स्त्रीबीजांचा साठा संपलेला नसतो, महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडण्याचे काम तेवढे थांबलेले असते. गोळ्यांनी रक्तस्राव का झाला नाही तेही यातच आले: इस्ट्रोजेन कमी म्हणून गर्भाशयाचे अस्तर तयारच झालेले नव्हते. सोनोग्राफीतल्या पुटिका निरोगी तरुण मुलींतही दिसतात. 2003 साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांनुसार पीसीओएस म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात (अनियमित बीजनिर्मिती, पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण किंवा त्याच्या खुणा, आणि अनेक पुटिका दिसणारे अंडाशय), आणि तेही इतर कारणे वगळल्यावर. या मुलीला वजन उतरवण्याचा सल्ला म्हणजे दुखण्यालाच खतपाणी होते.

खरोखर पीसीओएस असणाऱ्यांनाही मी सांगते की त्यात बीज बाहेर पडायला उशीर होतो, पण बहुतेकींना मूल होते, गरज पडल्यास बीज पिकायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी. मात्र पाळी महिनोन् महिने आली नाही तर अस्तर जाड होत राहते, म्हणून उपचार टाळू नयेत. चाळिशीच्या आत एफएसएच वाढलेले आढळले, तर अंडाशयाचे कार्य अकाली मंदावल्याची शंका येते. तिथे मुलाची चिंता रास्त असते आणि उशीर परवडत नाही. म्हणूनच एरवी नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, किंवा वर्षात आठांहून कमी वेळा आली, तर लग्नाची वाट न पाहता तपासून घ्यावे.

या मुलीच्या बाबतीत मला मुलापेक्षा हाडांची काळजी जास्त वाटत होती, कारण इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिले की हाडे ठिसूळ होतात, आणि विशीतच हाडांची पुंजी जमत असते. उपाय ऐकायला सोपा होता: खाणे वाढवायचे, धावणे थांबवायचे. प्रत्यक्षात सकाळची पोह्यांची बशी समोर आली की ती शेव बाजूला काढी, शेंगदाणे वेचून ठेवी आणि उरलेले चमचे मोजी. वजनाचा काटा वर सरकला की आपण हरलो असे तिला वाटे. आमच्या भेटींतला बराच वेळ लग्नाच्या ब्लाउजच्या मापावर गेला, आहारतज्ज्ञांचीही मदत घ्यावी लागली. होणाऱ्या नवऱ्याला काय सांगायचे हा निर्णय मी तिच्यावर सोपवला. तिने आईला न विचारता त्याला सगळे सांगितले, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे तोच सोबत गेला.

लग्नापर्यंत पाळी आली नव्हती. तरीही डॉक्टरांनी दोघांना गर्भनिरोधक वापरायला सांगितले, कारण शरीर सावरू लागले की पहिल्या पाळीच्या आधीच बीज बाहेर पडते आणि पाळी न येताच दिवस राहू शकतात. हे ऐकून आई प्रथमच हसल्या. लग्नानंतर काही महिन्यांनी पाळी आली, आधी थोडीशी, मग दीड महिन्याने पुन्हा. मूल कधी हवे याचा विचार दोघांनी वर्षभर पुढे ढकलला आहे.