बफेलोतला बर्फ आणि भाच्याचा बेत

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत, बफेलोला असतो. नोकरी सोडून पिकअपला प्लाऊ (बर्फ ढकलायचं पातं) लावायचा आणि लोकांच्या दारातला बर्फ काढायचा म्हणतो. परवडेल का? – एक मामा, सातारा

उत्तर : मामा, मी त्याच गावात अकरा हिवाळे हेच करतोय. भाच्याला आधी विचारा, पहाटे दोनला उठशील का? लोक सातला निघतात, त्याआधी वाट मोकळी हवी. आपण काढून पुढे गेलो, की पालिकेची गाडी रस्त्यावरचा ढीग त्याच वाटेच्या तोंडाशी आणून टाकते. मग फोन आलाच!

मी निम्मी गिऱ्हाइकं मोसमाच्या ठरावीक रकमेवर घेतो, निम्मी खेपेवर. बर्फ कमी पडला तर पहिली तारतात, जास्त पडला तर दुसरी. आमचा बर्फ येतो तो शेजारच्या ईरी सरोवराच्या वाफेतून; ते गोठेपर्यंत बर्फाला तोटा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला सहा फुटांवर पडला. तिथे पिकअपचं काय चालणार, लोडरच लागतो.

पहिल्या वर्षी एका बाईंच्या फुलझाडांची कड मी दगडांसकट उखडली. बर्फाखालचं दिसतंय कुणाला! भरपाई दिली. आता दिवाळीच्या सुमारासच, जमीन गोठायच्या आत, प्रत्येक वाटेच्या दोन्ही कडांना केशरी काठ्या रोवून येतो.

विम्याशिवाय एकही वाट घेऊ नको म्हणावं. कुणी घसरलं की दावा ठोकतात. नोकरीही इतक्यात नको सोडायला. समोरच्या आजींच्या पायऱ्या मी फुकट काढतो. त्या सफरचंदाचा पाय देतात (खायचा हो, मामा), गरम असतो, गाडीतच संपतो.