भारत की चीन: कुठला शेअर बाजार जास्त कार्यक्षम?

तुम्ही विचारलंय की गेल्या 30 वर्षांत भारत आणि चीन यांपैकी कुठला शेअर बाजार जास्त कार्यक्षम ठरला, आणि प्रबंधात ही तुलना कशी मांडावी. माझं मत आधी सांगतो. कार्यक्षम म्हणजे बातमी लवकर आणि नीट भावात उतरणारा बाजार; त्या बाबतीत आज भारत पुढे आहे, पण नेहमीच तसं नव्हतं. म्हणून सगळ्या वर्षांचा मिळून एकच आकडा काढू नका.

1995 च्या सुमारास मी मडगावात एका सब-ब्रोकरकडे कामाला होतो. भाव विचारायला मुंबईला एसटीडी लावायचो; लाइन मिळेपर्यंत भाव हललेला असायचा. एका गिऱ्हाइकाचं 100 शेअरचं सर्टिफिकेट ‘सही जुळत नाही’ म्हणून तीनदा परत आलं. चार महिने गेले. कंपनीची वाईट बातमी त्याला पहिल्याच दिवशी कळली होती, पण विकणार काय? शेअर त्याच्या नावावरच नव्हते. अशी हजारो माणसं अडकून पडली, की त्यांना ठाऊक असलेली गोष्ट भावात उतरतच नाही.

हे बदललं ते टप्प्याटप्प्याने: 1994 मध्ये एनएसईचा स्क्रीनवरचा व्यवहार, 1996 मध्ये डीमॅट, 2001 मध्ये बदला (सौद्याचा हिशेब पुढे ढकलत राहण्याची जुनी पद्धत) बंद, 2003 मध्ये टी प्लस टू (सौद्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पुरा) आणि 2023 मध्ये टी प्लस वन (एकाच दिवसात). आमच्या गच्चीवर व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहावरून एनएसईशी जोडणारी, छत्री बसली, त्या दिवसापासून मडगावला आणि मुंबईला एकच भाव दिसू लागला. तो दिवस मी विसरलेलो नाही.

चीनची गोष्ट उलटी. शांघाय आणि शेनझेनचे बाजार 1990 च्या अखेरीस सुरू झाले ते नव्या यंत्रणेवर. कागदांची कटकट त्यांना फारशी झालीच नाही. त्यांना आडवे आले ते नियम. 2005 पर्यंत सुमारे दोन तृतीयांश शेअर बाजारात विकताच येत नव्हते. एकाच कंपनीचा शेअर शांघायमध्ये महाग आणि हाँगकाँगमध्ये स्वस्त, ही तफावत 2014 मध्ये दोन्ही बाजार जोडल्यावरही मिटली नाही, कारण शांघायचा शेअर हाँगकाँगला किंवा तिथला इकडे नेऊन विकता येत नाही. जुलै 2015 च्या पडझडीत तर जवळपास निम्म्या कंपन्यांचे व्यवहारच थांबले होते. जानेवारी 2016 मध्ये नवीन सर्किट ब्रेकर, म्हणजे बाजार फार पडला की व्यवहार थांबवणारा नियम, आणला. 7 तारखेला बाजार अर्ध्या तासात बंद पडला आणि दुसऱ्याच दिवसापासून तो नियम मागे घ्यावा लागला.

आता एक सापळा. कालच्या भावावरून आजचा ओळखता येऊ नये, ही कार्यक्षम बाजाराचा सिद्धांत मांडणारे अर्थतज्ज्ञ यूजीन फामा यांची सगळ्यात सौम्य कसोटी. चीनमध्ये डिसेंबर 1996 पासून बहुतेक शेअरना दिवसाला 10 टक्क्यांची मर्यादा आहे (काही बाजारांत पुढे 20 झाली). 25 टक्क्यांची बातमी आली, तर भाव आज 10, उद्या 10 आणि उरलेला परवा चढणार. तुमची चाचणी म्हणेल, ‘भाव ओळखता येतो’. पण लोक काही चुकत नाहीत, नियमाने हात धरलेला असतो. आपल्याकडे वायदे असलेल्या शेअरना अशी पक्की मर्यादा नाही, त्यामुळे थेट तुलना चीनवर अन्याय करते.

म्हणून व्हेरियन्स रेशो चाचणी (आधीच्या भावावरून पुढचा ओळखता येतो का, हे तपासणारी) दोन-दोन वर्षांची खिडकी पुढे सरकवत करा, आलेख काढा आणि त्यावर वरच्या तारखा खुणा म्हणून टाका. दैनंदिन आकड्यांसोबत साप्ताहिकही घ्या. मर्यादेचा परिणाम त्यात बराच विरतो. आणि जुलै 2015 मधले थांबलेले शेअर गाळून पुन्हा एकदा हिशेब करा. न हललेला भाव स्थिर दिसतो, पण तिथे सौदाच झालेला नसतो.